आधी पाणी शोधा, रंगारी नंतर

जुलै उजाडला की या सदराच्या टपालात ओल, बुरशी आणि गळती याशिवाय दुसरं काही येत नाही. म्हणून या अंकाची सगळी जागा त्याच विषयाला देते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी स्थापत्य अभियंता आहे. ठाणे-डोंबिवली पट्ट्यातल्या जुन्या इमारतींची पाहणी आणि दुरुस्ती हे माझं रोजचं काम. माहेर कोकणातलं, त्यामुळे चिऱ्याच्या घराचीही सवय आहे. पत्रं जागेअभावी थोडी कापली आहेत.

ताई, आमचा फ्लॅट डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आहे. इमारत बावीस वर्षांची. बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात पिवळट डाग आहे आणि तिथून खाली भिंतीचे पोपडे सुटतात. दोनदा महागडा वॉटरप्रूफ रंग लावला, दोन्ही वेळा वर्षाच्या आत फुगला. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, आमची बाथरूम कोरडी आहे. सेक्रेटरी म्हणतात, ही अंतर्गत गळती, तुमचं तुम्ही बघा. आता रंगारी म्हणतोय भिंतीत खार आहे, केमिकल मारून अठरा हजारांत करून देतो. करून घेऊ का?

नको. आज संध्याकाळीच त्याला फोन करून थांबवा. भिंतीत पाणी येत असेल तर आतून लावलेला कुठलाही रंग ते अडवू शकत नाही. पाणी रंगाच्या मागे साठतं, सोबत विटा-सिमेंटमधले क्षार आणतं, आणि पृष्ठभागाजवळ सुकताना त्या क्षारांचे स्फटिक रंगाला मागून ढकलतात. पोपडे येतात ते यामुळे. रंग जितका जाड आणि रबरी, तितका फुगा मोठा.

पाणी येण्याचे रस्ते मोजकेच असतात आणि प्रत्येकाचं स्वतःचं वेळापत्रक असतं. म्हणून पाहणीला गेले की माझा पहिला प्रश्न असतो : मे महिन्यात डाग कसा होता? पावसाचं पाणी असेल तर डाग जूनच्या शेवटी जागा होतो, मोठी सर येऊन गेल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पसरतो आणि दिवाळीच्या सुमारास वाळतो. भिंतीतली नळाची लाइन गळत असेल तर तो बारा महिने ओला असतो, मे महिन्यातही, कारण त्या लाइनीत पाण्याचा दाब कायम असतो. बाथरूमच्या फरशीखालून किंवा सांडपाण्याच्या जोडातून येत असेल तर वापराप्रमाणे कमी-जास्त होतो. वरचे लोक गावाला गेले की डाग फिका पडतो, त्यांच्याकडे पाहुणे आले की गडद होतो. तुम्ही लिहिलेला पिवळट रंग आणि छताचा कोपरा पाहता मला संशय या तिसऱ्या रस्त्याचा आहे. पण संशयावर हातोडी चालवायची नसते.

तुमच्या हातात आहे ते असं. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. आठ दिवसांनी पुन्हा पाहा, रेघेच्या बाहेर डाग गेला असेल तर नवी रेघ ओढा. दोन-तीन रेघा झाल्या की त्या तारखा पावसाशी आणि वरच्या घरातल्या वापराशी जुळवून बघता येतात. दुसरं, भिंतीच्या त्याच भागावर फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर खोलीतल्या दमट हवेचा घाम आहे. भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय.

मग वरच्या काकूंकडे जायचं. भांडायला नव्हे, त्यांच्या स्लॅबचंही नुकसान होतंय हे सांगायला, कारण तुमचं छत म्हणजेच त्यांची जमीन आहे. पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंजली की फुगते, आणि खालचं काँक्रीट तडकून सुटतं. त्यांना दोन गोष्टींची परवानगी मागा. पहिली, गावाला जातील तेव्हा त्यांच्या बाथरूमचा वॉल्व्ह बंद करून जायचं. त्या काळात डाग वाळायला लागला तर गळती त्यांच्या घरातूनच येते हे नक्की झालं. दुसरी, परत आल्यावर नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी निघून जाण्याचं तोंड) बुच मारून बंद करायचा, फरशीवर दोन इंच पाणी भरून त्यात खाण्याचा रंग टाकायचा आणि चोवीस तास ठेवायचं. खाली डाग वाढला किंवा रंग उतरला तर फरशीचे सांधे आणि ट्रॅपभोवतीचा जोड दोषी. काहीच झालं नाही आणि डाग मात्र ओलाच राहिला, तर भिंतीतली लाइन किंवा डक्टमधला, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतला, पाइप तपासायचा. ही चाचणी पाऊस चार दिवस थांबलेला असताना करा, नाहीतर निकाल गढूळ होतो. सेक्रेटरींना दोन्ही वेळा हजर राहायला सांगा आणि निरीक्षण कागदावर घेऊन तिघांच्या सह्या घ्या.

ट्रॅपवर एवढा भर का देते, ते सांगते. ठाण्यातल्या एका घरात फरशी उकरल्यावर नहाणी ट्रॅपच्या मानेला केसाएवढी चीर दिसली. काही वर्षांपूर्वी टाइल्स बदलताना त्यावर छिन्नी लागली असणार. शॉवरचं पाणी सावकाश वाहून जायचं, तेव्हा खाली काही व्हायचं नाही. पण बादली एकदम ओतली की पाणी ट्रॅपमध्ये वर चढायचं आणि त्या चिरेतून फरशीखालच्या विटांच्या भरावात जायचं. त्यामुळे त्या घरचे लोक मनापासून सांगत होते की आमची बाथरूम गळत नाही. वरून पाहणाऱ्याला ती खरंच कोरडी दिसते. तुमच्या काकू खोटं बोलत आहेत असं धरून चालू नका.

आता खर्च. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वाटणी स्पष्ट आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती, गच्चीतून गळल्यामुळे सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या छताचा सुटलेला गिलावा, हे सगळं संस्थेनं करायचं. संडास, सिंक यांच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांचा. म्हणजे सेक्रेटरींचं म्हणणं बरोबर की चूक हे चाचणीशिवाय ठरतच नाही. डक्टमधला उभा सामाईक पाइप फुटलेला निघाला तर काम संस्थेचं.

दुरुस्ती झाल्यावर घाई करू नका. बाथरूमच्या खाली भरलेल्या विटांच्या तुकड्यांत पाणी मुरलेलं असतं, ते काही आठवडे झिरपत राहतं. तुमच्या बाजूचा सुटलेला गिलावा विटेपर्यंत काढा, पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडून टाका (धुऊ नका, विरघळून पुन्हा आत जातात) आणि भिंत वाळू द्या. भिंतीच्या जाडीला इंचामागे एक महिना, असा ढोबळ हिशोब आम्ही धरतो. नवा गिलावा, लांबी (पुट्टी) आणि रंग हे त्यानंतर.

कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवूनही साड्यांना कुबट वास येतो, काळे ठिपके पडतात. गोळ्या वाढवू का? (सातारा)

डांबराच्या गोळ्या किडीसाठी असतात, त्या हवेतलं पाणी शोषत नाहीत. बंद कपाटात ओल ओढणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवा आणि पाण्याने भरले की बदला. ते पाणी कपड्यांवर सांडू देऊ नका. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा. खळ घातलेल्या सुती साड्या पावसाळ्यापूर्वी खळ धुवून ठेवा, कारण खळ हे बुरशीचं खाद्य आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाका, जुन्या मलमलीत गुंडाळा. आणि इस्त्रीची गरम साडी लगेच आत ठेवू नका, तिच्यात वाफ असते.

गुहागर तालुक्यात आमचं आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं घर आहे. आम्ही मुंबईत असतो. पाच वर्षांपूर्वी हौसेनं नूतनीकरण केलं : बाहेरून सिमेंटचा गिलावा, आतून लांबी आणि प्लॅस्टिक पेंट, अंगणात पेव्हर ब्लॉक. पूर्वी कधी न दिसलेली ओल आता कमरेपर्यंत चढते आणि पांढरी पूड पडते. ठेकेदार म्हणतो, भिंतीत भोकं पाडून केमिकल भरू.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण पैसे प्रेमानं खर्च केलेत आणि ते घराच्या विरोधात गेलेत. अशी घरं मी आता गावोगाव पाहते. यावर कुणीतरी सविस्तर बोलायला हवं, म्हणून इथे थोडी जास्त जागा घेते.

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात आपल्या लोकांनी हाच दगड वापरला, कारण त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे त्यांना माहीत होतं. उंच जोतं, चारही बाजूंनी पडवी, खाली उतरलेलं छप्पर आणि पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यापुरते बांधलेले झावळ्यांचे झाप. भिंतीवर पाऊस थेट येऊच द्यायचा नाही, आणि जे काही आत जाईल ते माती-चुन्याच्या सांध्यांतून उन्हाळ्यात बाहेर पडू द्यायचं. शिवाय घरात रोज चूल पेटायची, वाशे आणि कौलांखालची हवा कोरडी राहायची. तुमच्या भिंती आता दोन्ही बाजूंनी बंद झाल्या आहेत. सिमेंटच्या गिलाव्याला बारीक तडे जातातच. त्यांतून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. मग ते जिथे सापडेल तिथून वर चढतं.

पण मुख्य गुन्हेगार मला पेव्हर ब्लॉक वाटतात. गावातल्या माणसाला सांगून एक माप मागवून घ्या : अंगणाच्या पृष्ठभागापासून घरातल्या जमिनीपर्यंत किती उंची उरली आहे? माझा अंदाज, आजोबांच्या वेळी ती दोन-अडीच फूट असेल आणि भराव, वाळू, ब्लॉक यांनी निम्मी तरी खाल्ली असेल. त्यात पागोळ्यांचं पाणी पूर्वी मातीत पडून जिरायचं, ते आता ब्लॉकवर आपटून भिंतीवर उडतं. कडक अंगणावरून उडालेला शिंतोडा दीड-दोन फूट सहज चढतो. पुढच्या खेपेला गेलात की भिंतीवर लाल मातीच्या शिंतोड्यांची वरची कड आणि आतल्या ओलीची वरची कड मोजा. दोन्ही जवळजवळ एका उंचीवर असतील तर वेगळा पुरावा नको.

मी काय करेन ते सांगते. भिंतीलगतची दोन फूट रुंदीची ब्लॉकची पट्टी घराभोवती काढून टाकेन. तिथे वीतभर खोल चर खणून खडी भरेन आणि उरलेल्या अंगणाचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला आहे ना, हे पाण्याची बादली ओतून बघेन. छपराला पन्हळ लावून पाणी कोपऱ्यावर उतरवून दूर सोडेन. हे झाल्यावर आतली लांबी आणि प्लॅस्टिक पेंट, ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवेन. गिलावा चुन्याचा करेन आणि वरून चुनाच देईन. बाहेरचा सिमेंटचा गिलावा जिथे पोकळ वाजतो, तिथून काढायला सुरुवात करायची. सगळा एका वर्षात निघाला नाही तरी चालेल. पश्चिमेला झाप मिळत नसतील तर पत्र्याची पडवी वाढवा.

केमिकल भरण्याबद्दल : ते भिंतीत सलग आडवा थर तयार झाला तरच उपयोगी. ओबडधोबड चिरे आणि मातीचे सांधे असलेल्या जाड भिंतीत तसा सलग थर होईल याची मला खात्री वाटत नाही. अंगण खाली घेतल्याशिवाय तर त्या वाटेला जाऊच नका.

पांढरी पूड बुरशी आहे का, असंही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. चिमूटभर पूड पाण्यात टाका. विरघळली तर क्षार, म्हणजे आपला लोणा. बुरशी विरघळत नाही, बोटाला चिकटते आणि तिला वास असतो. आणि घर बंद असलं तरी उघडीप मिळेल तेव्हा कुणीतरी दारं-खिडक्या उघडून पंखे लावेल, एवढी सोय जरूर करा.

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दमा आहे. त्याच्या खोलीत कपाट हलवलं तर मागे काळी बुरशी. ही भिंत आमच्या बेडरूमच्या एसीला लागून आहे. ब्लीच मारून आजच साफ करू का? (नवी मुंबई)

आज मुलाला त्या खोलीत झोपवू नका, एवढं सगळ्यात आधी करा. औषधोपचार डॉक्टरांचे चालू राहू देत, आणि बुरशी सापडली हेही त्यांना सांगा. ओलसर, बुरशी असलेल्या घरांचा श्वसनाच्या विकारांशी आणि दम्याशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही नोंदलेलं आहे.

साफ करताना मूल घराबाहेर हवं. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा घाला, खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने बुरशी झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारून भाग ओला करा, फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. रंगाच्या वरवर असेल तर एवढ्याने निघते. लांबीत मुरली असेल तर ओली करून खरवडावी लागते. कपाटाची मागची प्लाय काळी पडून फुगली असेल तर ती बदला, पुसत बसू नका. दहा चौरस फुटांपेक्षा जास्त पसरली असेल तर हे काम जाणकार माणसाकडून करून घ्या.

ब्लीचची इथे गरज नाही, शिवाय त्याचा वास दम्याच्या मुलाला त्रास देतो. आणि हे सगळ्याच वाचकांना कळकळीने सांगते : ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये मिसळू नका, एकामागोमाग एक ओतूही नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

बुरशीचं कारण तुमच्या पत्रातच आहे. एसीमुळे ती भिंत तुमच्या बाजूने थंड होते. मुलाच्या खोलीतली दमट हवा कपाटामागे कोंडून त्या थंड भिंतीला टेकते, आणि फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखा भिंतीला घाम फुटतो. एसी २६ अंशांवर ठेवा, थंड झोत त्या भिंतीवर थेट येत असेल तर दिशा बदला. मुलाच्या खोलीतलं कपाट दुसऱ्या भिंतीला न्या. त्या खोलीत कपडे वाळत घालू नका, मशीनभर कपड्यांतून एक-दोन लिटर पाणी हवेत जातं. साधा डिजिटल आर्द्रतामापक आणा. आकडा ६० टक्क्यांच्या आत राहायला हवा. पावसाळ्यात नवी मुंबईची बाहेरची हवाच त्याहून कितीतरी दमट असते, म्हणून खिडकी उघडून तो खाली येणार नाही. मुलाच्या खोलीसाठी डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घेण्याचा खर्च मला योग्य वाटतो.

आम्ही मूळचे सांगलीचे, सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरला भाड्याच्या घरात. हिवाळ्यात खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळतं, कोपऱ्यांत काळं पडतं. घरमालक म्हणतो, तुमच्या स्वयंपाकामुळे होतं.

वाफेचा वाटा असतो, पण दोष एकट्या स्वयंपाकाला देणं मला मान्य नाही. थंड भिंती, जुन्या खिडक्या आणि न चालणारा एक्झॉस्ट पंखा ही घराची कमतरता आहे. मालकाला लेखी कळवा, तारखेसह फोटो जोडा आणि स्वयंपाकघर व न्हाणीघरातले पंखे तपासून द्यायला सांगा.

इकडच्या सल्ल्याच्या अगदी उलट सल्ला तुम्हाला देते : खिडक्या उघडा. पाच अंशांची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात घनमीटरला सातेक ग्रॅमच पाणी मावतं. तीच हवा आत येऊन वीस अंशांना तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. बाहेर रिमझिम दिसत असली तरी ती हवा तुमचं घर वाळवते. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा, काचा पुसून फडकं बाहेर पिळा, भात-वरणाला झाकण ठेवा, आणि हीटिंग एकदम प्रखर लावून बंद करण्याऐवजी मंद पण सलग ठेवा. पलंग आणि सोफा बाहेरच्या भिंतीपासून दूर सरकवा.

बाहेरच्या भिंतीतून आत्ता, भर पावसात पाणी येतंय. लगेच वॉटरप्रूफिंग करून घेऊ का? (पनवेल)

ओल्या भिंतीवर केलेलं वॉटरप्रूफिंग धरत नाही, ते काम ऑक्टोबरनंतर. आत्ता गच्चीवरची पावसाळी पाइपांची तोंडं आणि खिडकीवरच्या छज्जावरचा कचरा काढा, भिंतीवर बाहेरून पिंपळाचं रोप उगवलंय का ते पाहा, आणि गळणाऱ्या भागावर वरपासून ताडपत्री बांधून घ्या. पाणी नेमकं कुठून, कुठल्या दिशेच्या पावसाला येतं त्याचे फोटो काढून ठेवा, ऑक्टोबरात त्यांचाच उपयोग होईल. त्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर त्याचा एमसीबी आत्ताच खाली करा आणि इलेक्ट्रिशियन बघून जाईपर्यंत तो बोर्ड वापरू नका.